वेर्ले चौकातले दिवे

गेंटमध्ये नोव्हेंबरचं धुकं उतरलं की शहराचे तिन्ही उंच मनोरे अर्धेच उरतात आणि घंटा कुठून वाजते ते कळेनासं होतं. गोदलीवला अशी संध्याकाळ फार आवडे. लोकांना हे शहर फिरवून दाखवण्यातच तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आज मात्र पाय शहरात आणि जीव इस्पितळात होता. तिची मुलगी लीसबेट सकाळपासून बाळंतपणासाठी तिथे होती, आणि आईला कळवायचं नाही असं तिने बजावलं होतं. कळवलं ते मामाने, चोरून.

चूक गोदलीवचीच. लग्न नाही, जोडीदार नाही, तरी मूल हवं, असं लीसबेट म्हणाली तेव्हा ही फटकन बोलून गेली, "बिनबापाच्या पोराला मी मांडीवर घेणार नाही." जिभेला हाड नसतं, दुसरं काय! उन्हाळ्यापासून मायलेकींत अबोला होता.

मागून ओस्टेंडेहून शहर बघायला आलेली पेन्शनर मंडळी रेंगाळत येत होती. पुलाखालचं पाणी दिसतच नव्हतं, नुसते खिडक्यांचे पिवळे डाग तरंगत होते. सगळे आपोआप हळू बोलू लागले होते, झोपलेल्या घरातून चालावं तसे.

"बाई, आज गोष्टी कुठं सांडल्या तुमच्या?" आल्बेर्टा आजींनी विचारलं. त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. "अख्खं कॅथेड्रल दोन वाक्यांत उरकलंत!"

"चौकात चला," एवढंच गोदलीव म्हणाली.

किल्ल्यासमोरच्या वेर्ले चौकात ती थांबली ती थांबलीच. शहरात मूल जन्मलं की इथले दिवे हळूच उजळतात आणि पुन्हा मंद होतात. एरवी ती हे जाता जाता सांगे. आज नुसती वर बघत राहिली. मंडळी कुडकुडू लागली. कुणाला गरम वाफल आठवले, कुणाला जिनचा घोट.

आणि दिवे उजळले. धुक्यात दूध सांडल्यासारखा उजेड पसरला आणि ओसरला. गोदलीवला हुंदका आवरेना. "माझं नातवंड!" म्हणत तिने सगळं सांगून टाकलं, स्वतःच्या त्या वाक्यासकट. मंडळींनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"ताई, अजून काही नाही गं. तासभर तरी लागेल म्हणतात."

फोनमधलं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. मग आल्बेर्टा आजी खो खो हसल्या. "परक्याच्या बाळासाठी एवढं रडलात! त्याचा बाप कोण, ते विचारलंत का?"

गोदलीव शरमेने लाल झाली. डोळे पुसून फोनमध्ये म्हणाली, "लीसबेटला दे."

पलीकडे फोन हातातून हातात गेला.

"लीसबेट, फार वाईट बोलले गं मी. मला यायचंय."

"कुठायस?"

"दिव्यांखाली."

"तिथे काय करतेस? दिव्यांचं बटण इथे आहे, भिंतीवर. बाळ झालं की घरच्यांनी दाबायचं." कळ आली असावी, आवाज तुटला, मग परत आला. "मामाला मी बटणाला हात लावू देणार नाहीये. लवकर ये, आई."

गोदलीव ट्रामकडे धावत सुटली. वळणावर तिने मागे पाहिलं. वाफल आणि जिन विसरून सगळे म्हातारे कॉलर वर करून दिव्यांखालीच उभे होते.