सातवी पायरी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी, खांद्याला अडकवायची पिशवी आहे. उत्तर न दिलेलं एक पत्र सहा वर्षं माझ्या आतल्या कप्प्यात पडून होतं. त्याची घडी जिथे घासत असे, तिथे माझं अस्तर विरलं आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तिथल्या बांधणीकाराने पुस्तकांच्या पुठ्ठ्यांसाठी आणलेल्या, उरलेल्या निळ्या कापडातून मला बेतलं आणि पुस्तकं शिवायच्या मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं. शेजारच्या टेबलावर मुद्रितं तपासणारे एक लाजाळू गृहस्थ बसत. सगळे त्यांना पंडित म्हणत.

"घे रे पंडित," बांधणीकार म्हणाला, "एक वेळ तू खिळखिळा होशील, ही व्हायची नाही."

तेव्हापासून मी पंडितांची. शब्दकोश, जेवणाचा डबा आणि लाल पेन्सिली मी बत्तीस वर्षं वाहिल्या. लोक माझी शिवण उलटून बघत आणि वाहवा करत.

पुढे छापखाना बंद झाला. पंडितांच्या पत्नी गेल्या. मी दारामागच्या खुंटीवर टांगली गेले ती तिथेच राहिले. त्याच महिन्यात ते पत्र आलं. बांधणीकार तोवर दूर मुलाकडे राहायला गेला होता. पंडितांना पुटपुटत वाचायची सवय, त्यामुळे मलाही ते पाठ झालं.

"पंडित, वहिनींचं कळलं. तुला आत्ता काही लिहवणार नाही, ठाऊक आहे. एक कर. माझ्या बेटावर जाऊन ये, एका दिवसाचं काम. माझ्या शाळेच्या सात पायऱ्या अजून आहेत का बघ. काय वाटलं ते लिहू नकोस. काय दिसलं तेवढं लिही."

पंडित उत्तर लिहायला बसत. लिहीत, तपासत, खोडत. शेवटी कागदावर तारीख तेवढी उरे आणि पत्र घडी होऊन परत माझ्या कप्प्यात येई.

गेल्या आठवड्यात बांधणीकाराच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा हल्ली फारसं बोलतच नाहीत. रोज एवढंच विचारतात, पंडित बेटावर गेला का?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचने आम्ही दोघंच निघालो, म्हणजे ते आणि मी. बाकीची माणसं निळंशार पाणी बघून ओरडत होती. पंडित मुद्रित तपासावं तसे बघत होते. नारळ. नारळ. पालथी होडी. बेटावर उतरून ते किनाऱ्याने चालले, दीपस्तंभापर्यंत चढले, डबा उघडून जेवले. डब्यात काय होतं, हे विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

केवड्याच्या बनामागे शाळा सापडली. छप्पर नव्हतं. त्यांनी पायऱ्या मोजल्या. सहा. वरून मोजल्या, खालून मोजल्या. सहाच.

जवळच जाळं विणत बसलेल्या बाईने विचारलं, "काय हरवलं, आजोबा?"

"पायरी."

"अगं बाई! पायरीला काय पाय फुटले?" ती हसली. मग म्हणाली, "वाळू चढते हो दरवर्षी. असेल खाली."

पंडितांनी मला बाजूला ठेवलं, गुडघे टेकले आणि हातांनी वाळू उपसायला सुरुवात केली. माझ्यात मूठभर वाळू गेली, ती अजून आहे. हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा बोटांना दगड लागला. त्यांना आनंद झाला का? मला सांगता येत नाही. हात तसाच दगडावर ठेवून ते बसून राहिले, लाँचचा भोंगा वाजेपर्यंत.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंची निगा राखा. माझ्या पट्ट्याचा एक टाका उसवला आहे, तो कुणीतरी घाला. पण आमचे कप्पेही अधूनमधून रिकामे करा. आत कुणीतरी थांबलेलं असतं.

धक्क्यावरच्या पोस्टात पंडितांनी कार्ड घेतलं. तीन ओळी लिहिल्या आणि सवयीने लाल पेन्सिल काढली. पोस्टातली बाई थैलीचं तोंड बांधतच होती.

"आजोबा, टपाल तुमच्याच लाँचने जातंय. खोडत बसलात तर उद्यावर गेलं बघा!"

पेन्सिल माझ्यात परत आली. पंडितांनी कार्ड पुटपुटत एकदाच वाचलं.

"पायऱ्या सात आहेत. सातवी वाळूखाली आहे. हात लावून पाहिली."

आणि त्यांनी ते तिच्या थैलीत टाकलं.