हाल्लासुओचं कुणी आहे का?

मी हाल्लासुओ बोलतोय. माणूस नाही, आडनाव आहे. फिनलंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यात जन्मलो, आणि आता साऱ्या जगात मला लावणारी एकच बाई उरली आहे. तिचं नाव सायमी, वय ब्याण्णव. म्हणून घाईने बोलतो.

माझं बारसं शेजाऱ्यांनी केलं, तेही खवचटपणाने. एका कफल्लक शेतकऱ्याने दलदलीच्या काठी जंगल तोडून जव पेरले. पीक हाताशी आलं आणि भर ऑगस्टात हिव पडून, दव गोठून सगळं काळं झालं. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. लोक म्हणाले, "हे कसलं शेत? ही तर हिवाची दलदल!" आमच्या भाषेत तेच हाल्लासुओ. मी त्या घराला चिकटलो.

तेव्हा आमच्याकडे आडनाव माणसाचं नसे, घराचं असे. घरजावई यायचा, आपलं नाव उंबऱ्याबाहेर ठेवून हाल्लासुओ व्हायचा. कुणी घर सोडून गेला, की मी त्याच्यापासून सुटलो. पुढे कायद्याने आडनाव बापाकडून मुलांकडे जाऊ लागलं, पण जुन्या खोडांच्या डोक्यात घरच राहिलं.

सायमीचे वडील एल्यास त्यातलेच. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी घर विकलं, तेव्हा निघताना खरेदीदाराला गंभीरपणे म्हणाले, "घर तुझं, तर आता नावही तुझंच. सांभाळ."

तो पोट धरून हसला. "काका, घर घेतलं तेवढं पुरे. हिव तुमचं तुम्हीच घेऊन जा!"

एल्यासना ते फार लागलं. पण दुसऱ्याच्या घराचं नाव लावणं ही त्यांच्या लेखी चोरी. त्यांनी रीतसर अर्ज करून स्वतःचं आणि मुलाचं आडनाव बदललं. हिरव्या कुरणाचं काहीतरी गुळगुळीत घेतलं. मी धड घराचा राहिलो नाही, धड माणसांचा.

एकवीस वर्षांची सायमी तेवढी अडून बसली. "मला नाही बदलायचं. या नावावरून शाळेत चिडवून घेतलंय मी, ते काय फुकट?" लग्न तिने केलं नाही. सत्तर वर्षं तिने मला वागवलं. तिच्यावाचून मला कुणी नाही, या विचाराने जीव थाऱ्यावर राहत नाही.

आज वृद्धाश्रमात तिच्या भावाची नात तूली आली. तिचं लग्न ठरलंय. कॉफी आणि वेलदोड्याचा पाव पुढ्यात असताना तिने अर्ज काढला. "आजी, मी आणि आर्तोने ठरवलंय, पणजोबांनी टाकलेलं नाव परत घ्यायचं. तू हो म्हण, लगेच पाठवते."

मला वाटलं, वाचलो!

सायमीने कप खाली ठेवला. "वेडी आहेस का गं? घर पाडलं, दलदलीत चर खणून पाइन लावले. आता कसलं घर नि कसलं नाव? त्या शेतापायी माझ्या आजीने झाडाची साल दळून भाकरी केलीय. लग्नाच्या दिवशी कुणी हिव अंगावर घेतं का?"

"पण तू तर कधी सोडलं नाहीस."

"मी हट्टी होते. आता दमले गं. जाऊ दे ते माझ्याबरोबर."

तूलीने अर्जाची घडी घातली. "बरं. तुझ्या मनाविरुद्ध नाही करणार."

अगं पोरींनो, हिव मी पाडलं नाही! तीनदा पीक गेल्यावर चौथ्यांदा त्याच मातीत जव पेरणाऱ्याचं नाव आहे मी. सायमीला हे ठाऊक होतं, म्हातारपणी विसरली.

इथल्या नर्सबाई तिला नुसतं 'सायमी' म्हणतात. मला कुणी मोठ्याने उच्चारून महिने झाले. ती गेली की मला दगडावर कोरतील, आणि दगडावरच्या नावाला कुणी जेवायला हाक मारत नाही.

तूलीने कोट चढवला. अर्ज तिच्या पिशवीत आहे, अजून फाडलेला नाही. ती दारापाशी पोचली.

तूली, या एकदाच आजीचं ऐकू नकोस गं.