बाबूलालाची बंद मूठ

या, थोडं पुढं सरका. सतरंजीवर जागा आहे, आणि बुवा उभे राहायला अजून अवकाश आहे. तोवर एक कथा सांगतो. हिच्यात रक्त फार सांडतं, मन घट्ट करून ऐका. पण देवळात सांगायला लाज वाटावी असं तिच्यात काही नाही.

आमच्या एकोडीत सप्ताह चालू होता. दुपारी सभामंडप रिकामा असायचा. तृप्ती, अंकुश आणि रीना तिथं आपला खेळ मांडून बसत. तृप्ती तोंडानं एक राज्य रचायची, बाकीचे त्यातले वीर व्हायचे. वार लागला की चुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. त्या राज्यात मेला तो मेला, पुन्हा उठत नाही. रीनानं आपली तिरंदाज दोन वर्षं जगवली होती. त्या दिवशी ती गडाच्या दारात साखळदंडानं जखडलेली, आणि सूर्य बुडताच तिची मान उडणार होती. अंकुशच्या योद्ध्याची तलवार मोडलेली. साखळी तोडेल अशी कुऱ्हाड गडाखालच्या एकाच दुकानात होती.

दुकानदार म्हणून तृप्तीनं आपल्या आजोबांना, दादाजींना बसवलं. चाळीस वर्षं त्यांनी बैलबाजारात दलाली केलेली. दुकानदाराचं नाव त्यांनीच ठेवलं, बाबूलाल. मांडीवर दुपट्टा पसरून म्हणाले, "भाव तोंडानं नाही बोलायचा. दुपट्ट्याखाली हात दे. एक बोट म्हणजे दहा मोहरा."

"अन् मूठ दिली तं?" रीनानं विचारलं.

"बंद मूठ म्हणजे फुकट घेऊन जा. चाळीस वर्षांत मले कोणी नाही दिली."

दादाजींनी चार बोटं दाबली. अंकुशनं एक.

"एका बोटात दांडा येते बापू. पातं नाही येत."

दादाजी तीनवर उतरले, अंकुश दोनवर अडला. त्याच्या योद्ध्याच्या कमरेला पन्नास मोहरा होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"घेऊन टाक ना बे," रीना म्हणाली. "तू भाव करून राहिला, अन् तिकडे माही मान जाऊन राहिली."

"थांब. आता पाय काढतो, मंग पाह्य कसा बलावते बुढा." अंकुशनं हात ओढून घेतला. "माझा योद्धा निघाला. मागं पाहत नाही."

बाजारात आपण सगळेच असं करतो. दहा पावलं जायचं, की मागून हाक येतेच. अंकुशनं दहा पावलं मोजली. हाक आली नाही.

"काहून नाही बलावत, दादाजी?"

दादाजींनी फाशाकडे बोट केलं. फासा तृप्तीच्या हातातून पडला होता. "गडावरचे तीन शिपाई दुकानात शिरले," ती म्हणाली.

एकानं बाबूलालाचं तोंड दाबलं. दुसऱ्यानं त्याचा उजवा हात ठोकळ्यावर धरला. कैदिणीसाठी कुऱ्हाड घ्यायला कोण आलं होतं, असं विचारलं. तोंडावरचा हात काढला तरी बाबूलाल बोलला नाही. पहिल्या घावात दोन बोटं गेली, दुसऱ्यात उरलेली. तरी नाव नाही. तिसऱ्यानं त्याच्या पोटात भाला घालून पिळला.

अंकुशचा योद्धा धावत परतला. मोडकी तलवार त्यानं पहिल्याच्या जबड्याखालून वर खुपसली. ती कवटीत रुतली, निघेना. आता हात रिकामा आणि समोर दोघे.

दादाजींनी उजवा हात पाठीमागं नेला. डावा दुपट्ट्याखाली सरकवला. "दे हात."

अंकुशनं पाचही बोटं दाबली. पन्नास, होत्या नव्हत्या त्या सगळ्या.

डाव्या हाताची बोटं शाबूत होती. दादाजींनी ती मिटली आणि बंद मूठ अंकुशच्या तळव्यात दिली. "ने. ठोकळ्यामागं आहे."

मग ती कुऱ्हाड चालली. एकाचा खांदा छातीपर्यंत उलगडला. दुसऱ्याचा गुडघा तुटला, तो रांगत दाराकडे निघाला, आणि उंबरठ्यावर त्याचं डोकं वेगळं झालं. गडाची पायरीन् पायरी चिकट झाली. वर पहारेकऱ्यानं तिरंदाज कैदिणीच्या मानेवर पातं उगारलेलं. फासा घरंगळला, सतरावर थांबला. पहारेकऱ्याचा हात कोपरातून गळाला आणि दुसऱ्या घावात साखळी तुटली.

रीनानं आपली मान चोळली.

"अन् बाबूलाल?" अंकुशनं विचारलं.

"तू वर पोचायच्या आधीच गेला," तृप्ती म्हणाली.

"मी दहा पावलं नसतो गेलो तं?"

दादाजी दुपट्ट्याची घडी घालत होते. "हाक द्यायलेच तोंड उघडलं होतं मी," ते म्हणाले. "तेवढ्यात दाबलं त्यायनं."

त्या संध्याकाळी कीर्तन संपताना बुवांनी नेहमीसारखं विचारलं, कोणाच्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आहे का. अंकुश उठला. "बाबूलाल," म्हणाला.

"कोणत्या गावचे?"

"गडाखालचे."

बुवांनी पुढं काही विचारलं नाही. टाळ थांबवून नाव घेतलं, आणि दादाजींनी हात जोडले.

एवढीच कथा. आता मंगळवारी बाजारात जाल, दोन पैशांसाठी पाठ फिरवाल, मागून हाक येईल की नाही असा कान द्याल. तेव्हा माझ्या बाबूलालाची आठवण ठेवा.