जावईबापूंचा डेटाबेस

जावईबापूंना यातून काय मिळणार होतं ते आधी मोजून घेऊ, म्हणजे पुढे त्यांच्यावर उगाच रागवायला नको. सासऱ्यांचा भिंगांचा कारखाना मिळणार होता. चष्म्याच्या दुकानांकडून नंबर घ्यायचे आणि भिंगं घासून द्यायची, असा चालू, नावाजलेला धंदा. वरच्या मजल्यावरची काचेची केबिन मिळणार होती, जिथून खालची यंत्रं दिसतात आणि यंत्रांवरच्या माणसांना वर कोण बसलंय ते दिसतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, “सध्या काय चाललंय?” या प्रश्नाला उत्तर मिळणार होतं. मोठ्या कंपनीतली त्यांची नोकरी सुटून बरेच महिने झाले होते. हे त्यांच्या बायकोला, म्हणजे ताईला, ठाऊक होतं आणि ताईनं ते एकाच माणसाच्या कानावर घातलं होतं. तो माणूस म्हणजे तिची धाकटी बहीण.

धाकटीलाही तेच मिळणार होतं. तोच कारखाना, तीच केबिन. फरक एवढाच की ती कॉलेज संपल्यापासून तिथं खपत होती. कोणाच्या भिंगांचा ट्रे कुठल्या टेबलावर आहे, कोणाचं भिंग कोटिंगला गेलंय, कोणाचं तडकलंय, हे सांगणारा प्रोग्रॅम तिनं एकटीनं लिहिलेला. बाबांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, “आता वेबसाइट करा. दुकानदारांनी घरबसल्या ऑर्डर टाकली पाहिजे. शाळा उघडायच्या आधीची गर्दी ज्याच्या हातून नीट पार पडेल, त्याच्या हाती कारभार. मला आता जिना चढवत नाही.” म्हातारा धंदेवाईक होता. एका जागेसाठी दोघांना राबवायचं आणि वर उपकार केल्यासारखं बोलायचं, ही कला त्याला साधली होती.

तोवर ऑर्डरी फोनवर यायच्या. त्या घ्यायला एक काका होते. दुकानदार नंबर सांगायचा, काका लिहून घ्यायचे आणि अधूनमधून उण्याचं अधिक व्हायचं. “माझ्यामुळे लोकांना जग नव्यानं दिसतं,” असं ते म्हणायचे. वेबसाइट आल्यावर आपलं काय, हे मात्र त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. ज्या प्रश्नाचं उत्तर माहीत आहे तो विचारून चहा कशाला कडू करा.

पहिला प्रश्न डेटाबेसचा निघाला, म्हणजे सगळी माहिती कशात आणि कशी साठवायची याचा. धाकटीचं उत्तर तयार होतं: तक्त्यांचा डेटाबेस. दुकानं एका तक्त्यात, डोळ्यांचे नंबर दुसऱ्यात, भिंगं तिसऱ्यात, आणि कोणाचं काय हे खुणेनं जोडलेलं. दुकानाचा पत्ता बदलला की एका जागी बदलायचा, संपलं. जावईबापूंनी दुसऱ्याच जातीचं नाव घेतलं. त्यात तक्ते नसतात. प्रत्येक ऑर्डरची एक पिशवी असते आणि दुकानाच्या नावापासून डाव्या डोळ्याच्या नंबरापर्यंत सगळं त्या पिशवीत कोंबायचं असतं. ही चीज वाईट नाही. जिथं प्रत्येक पिशवी आपल्यापुरती सुखी असते तिथं ती झकास चालते. भिंगांच्या धंद्यात मात्र एकही पिशवी अशी सुखी नसते. प्रत्येकीला शेजारच्या दहाजणींची चौकशी लागते.

“तक्ते म्हणजे आजोबांचा जमाना,” जावईबापू म्हणाले. “आमच्याकडे आता सगळे हेच वापरतात.”

आमच्याकडे म्हणजे जिथून त्यांना काढलं होतं तिथं.

बाबांनी धाकटीकडे बघितलं. “तुझं काय म्हणणं?”

या घरात दोन गोष्टी तोंडावर बोलायची रीत नव्हती. गिऱ्हाइकाला, तुमचं दुकान चालत नाही असं म्हणायचं नाही, आणि जावयाला, तुम्ही चुकताय असं म्हणायचं नाही. तरी धाकटी बोलली असती. तिची जीभ काही मऊ नव्हती. पण आदल्या संध्याकाळी ताईचा फोन आला होता. “त्यांचं एक तरी ऐकलं जाऊ दे गं. घरात बसून बसून माणूस आतून कुरतडला जातोय. रात्री उठून कपडे इस्त्री करतात, कुठं जायचं नसताना. तुला काय, तुला बाबा कधीही देतील.”

“भाऊजी म्हणतात तसं करू,” धाकटी म्हणाली.

बाबा खूश झाले. घर एकजुटीचं आहे असं त्यांना वाटलं. अशी एकजूट फार महाग पडते, पण ते नंतर.

वेबसाइट उभी राहिली. दिसायला देखणी, रंग जावईबापूंनी निवडले होते आणि त्यात त्यांना खरंच गती होती. पण दुकानदारानं “माझे ट्रे कुठं आहेत?” असं विचारलं की सर्व्हर एकेक पिशवी उघडून उलटीपालटी करत बसायचा आणि दुकानदार पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसायचा. जावईबापूंनी तर सासऱ्यांना सांगून ठेवलं होतं की पापणी लवायच्या आत पान उघडेल.

“जरा हळू चालतंय का गं?” त्यांनी धाकटीला विचारलं. विचारताना आवाज असा की ‘हो’ म्हणणाऱ्याला पाप लागावं.

“बघते मी, भाऊजी.”

तिनं बघितलं आणि झाकलं. एकदा शोधून काढलेलं उत्तर सर्व्हरनं मेमरीत हाताशी धरून ठेवायचं, म्हणजे पुन्हा पिशव्या उघडायला नकोत, असा एक तुकडा तिनं लिहिला. किती उत्तरं धरायची याला तिनं आधी मर्यादा घातली होती. मर्यादा घातली की पान पुन्हा रांगायचं. बाबांना पहिल्यांदा दाखवायचं होतं त्या सकाळी तिनं मर्यादा काढून टाकली, मागाहून घालू म्हणून. पान पापणी लवायच्या आत उघडलं. बाबांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. जावईबापूंनी ती दोन्ही खांदे पुढे करून घेतली.

मागाहून म्हणून ठेवलेली मर्यादा राहूनच गेली. गर्दी सुरू झाली आणि सर्व्हर दिवसाआड, मग रोज, जावईबापू जेवायला गेलेले असताना, दुपारी बसायला लागला. मेमरीचा आलेख जिन्यासारखा चढायचा, एकही पायरी खाली यायचा नाही आणि शेवटी सगळं पांढरं. ट्रे सतत पुढे सरकत असायचे, म्हणून दर प्रश्नाचं नवं उत्तर यायचं. नवं घेताना सर्व्हर जुनं टाकत नव्हता. सगळं उराशी.

हे आपण दोन ओळींत लिहिलं, पण धाकटीला ते सापडायला बराच वेळ लागला. कारण ती आधी भलतीकडेच शोधत होती. जावईबापूंनी कुठून तरी आणून जोडलेल्या रंगीत पट्ट्या, हलणारी चित्रं, लॉगिनचा भाग, यांतलं एकेक काढून ती तपासत होती आणि ते ज्या मायेनं तपासत होती तशी माया तिनं कशावरच केली नसेल. चूक त्यांची निघावी, म्हणजे ती पोटात घालायचं पुण्य आपल्याला, असा हिशेब. जावईबापूंचा प्रत्येक तुकडा निर्दोष निघाला. मग तिनं मेमरीचं एक चित्र सकाळी घेतलं, एक दुपारी घेतलं आणि दोन्ही शेजारी ठेवून काय वाढलंय ते पाहिलं. तिनं स्वतः लिहिलेली, हाताशी धरलेली उत्तरं वाढली होती. बाकी सगळं जिथल्या तिथं.

ती उठून खाली गेली आणि यंत्रांच्या आवाजात थोडा वेळ उभी राहिली. मर्यादा घालावी तर पान हळू. पान हळू का, हे सांगावं तर डेटाबेस चुकला. डेटाबेस चुकला म्हणावं तर ताई.

म्हणून मग कारखान्यात एक नवी पद्धत पडली. जावईबापू दुपारी जेवायला घरी जायचे. ते फाटकाबाहेर पडले की काका फोन बाजूला ठेवून एक बटण दाबायचे, सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा आणि मेमरी रिकामी. सगळे याला ‘चहा पाजणं’ म्हणायचे.

“पाजला का काका?”

“पाजला. आता संध्याकाळपर्यंत बोलणार नाही.” आणि मग हळूच, “धाकटे, हे किती दिवस? दुखणं डोळ्यात आणि आपण चष्मा पुसतोय.”

“गर्दी सरू दे.”

“तू सरशील तोवर. मला काय, मी वेबसाइट बसली की उपयोगाचा ठरतो. मला तर पेढे वाटायला हवेत.”

गर्दी सरत आली. जावईबापूंना यातलं काही माहीत नव्हतं, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवलं पाहिजे. त्यांना कळू नये म्हणून एवढी माणसं झटत होती की कळायला त्यांना फार हुशार असावं लागलं असतं.

बाबांनी मोठ्या दुकानदारांना कारखान्यात बोलावलं. वेबसाइट दाखवायची, जेवण द्यायचं आणि त्यांच्यासमोरच कारभार कोणाकडे ते सांगायचं. ताईही आली, नव्या साडीत, दुकानदारांना पाणी देत. जेवण बाहेरून मागवलेलं होतं. म्हणजे त्या दुपारी जावईबापू जेवायला घरी जाणार नव्हते.

हे धाकटीच्या लक्षात आलं तेव्हा ते मोठ्या पडद्याजवळ उभे राहून बोलत होते. तिच्या समोरच्या छोट्या पडद्यावर आलेख वरच्या रेघेला टेकत होता. काकांनी तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. बटण दाबायला एक क्षण पुरला असता. पण दाबलं की मोठा पडदाही क्षणभर पांढरा होणार, आणि भाऊजी मागे वळून विचारणार, काय झालं? मग सगळंच सांगावं लागणार. तिनं ताईकडे बघितलं. ताई नवऱ्याकडे बघत होती. त्या बाईच्या तोंडावर इतक्या महिन्यांनी रंग आला होता.

धाकटीनं काकांना मानेनंच नाही म्हटलं. धकून जाईल, असं तिला वाटलं.

सगळ्यात जुन्या दुकानदारानं एक नंबर टाकला, “कुठं आहे माझा ट्रे?” यावर बोट ठेवलं, आणि पडदा पांढरा झाला. चकतीही फिरेना.

“हे काय, मोतीबिंदू झाला वाटतं,” म्हातारा दुकानदार म्हणाला. सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

जावईबापू घाबरले नाहीत, हेही लिहून ठेवू. त्यांनी सर्व्हर पुन्हा सुरू केला, दुकानदारांना जेवायला बसवलं आणि स्वतः कोपऱ्यातल्या संगणकावर मान घालून बसले. मोठ्या कंपनीत इतकी वर्षं काढलेला माणूस. शोधायची वेळ आली तेव्हा त्यांनी थेट जागेवर बोट ठेवलं. धाकटीला जे सापडायला दिवस लागले होते ते त्यांना जेवणं आटोपायच्या आत सापडलं, कारण ते स्वतःचं सोडून दुसऱ्याचं तपासत होते. या वेळी ते धोरण बरोबर निघालं.

“बाबा, हा तुकडा मेमरी घेतो आणि सोडत नाही,” ते म्हणाले. आवाजात खोट नव्हती, उलट थोडं वाईट वाटल्यासारखंच होतं. “मेहुणीबाईंनी लिहिलाय.”

“तू लिहिलंस हे?”

“हो.”

“माहीत होतं तुला?”

“हो.”

“हिला माहीत होतं,” काका मध्येच म्हणाले, “पण मूळ दुखणं—”

“काका, तुम्हाला विचारलं नाही.” बाबा धाकटीकडे वळले. “बोल.”

“डेटाबेसच चुकीचा निवडला आपण. त्याच्यामुळे पान हळू होतं, म्हणून मी हे केलं.”

“डेटाबेस ठरवला तेव्हा तू समोर होतीस. मी तुला विचारलं होतं. तेव्हा काय तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?”

उत्तर दोन पावलांवर उभं होतं, हातात पाण्याचा जग घेऊन. धाकटी ताईकडे बघत राहिली. नुसतं एक वाक्य पुरलं असतं, मीच तिला गप्प राहा म्हटलं होतं, एवढंच. ताईनं जग उचलला आणि ज्या दुकानदाराचा पेला आधीच भरलेला होता त्याच्याकडे गेली.

“होती गुळणी,” धाकटी म्हणाली.

कारभार जावईबापूंच्या नावे जाहीर झाला. टाळ्या पडल्या. धाकटीनंही वाजवल्या, न वाजवून काय करते.

पुढचं सांगायला फार नाही. ती महिन्याभरात दुसरीकडे नोकरीला लागली. जावईबापूंनी तिचा तुकडा काढला, पान रांगायला लागलं, दुकानदार पुन्हा फोन करायला लागले, आणि काकांची खुर्ची शाबूत राहिली. वर्षाच्या आत कारखान्यानं तक्त्यांचा डेटाबेस घेतला. “काळाबरोबर बदलावं लागतं,” असं जावईबापूंनी सगळ्यांना जमवून सांगितलं.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. “ऐकलंस का? तुझ्या मनासारखंच केलं शेवटी त्यांनी.”

“बरं झालं.”

“तू ये ना परत. त्यांना एकट्यानं झेपत नाही गं. मी सांगते म्हणून ये.”

पलीकडे ताई वाट बघत होती. पूर्वी अशी वाट फार बघावी लागत नसे.

“कामात आहे, ताई. ठेवते.”

तर जमाखर्च असा. जावईबापूंना कारखाना मिळाला आणि त्यांनी त्यासाठी काही मोजलं नाही. कोणी मागितलंच नाही त्यांच्याकडे. बाबांनी एक मुलगी दिली आणि अजून त्यांना वाटतं की तिनं स्वतःहून सोडलं. धाकटीनं आठ वर्षं दिली. आणि ताईनं, जिला या सगळ्यात स्वतःसाठी काहीच नको होतं, बहिणीकडे हक्कानं काही मागायची सोय किंमत म्हणून भरली, सगळीच्या सगळी, एका हप्त्यात.