सुताराने निवडलेला बिछाना

मी एक बिछाना आहे. पिशवीसारखा शिवलेला, आत शिरायचं आणि चेन ओढून घ्यायची. दुकानात मला स्लीपिंग बॅग म्हणत. पण ज्या सुताराने मला घेतलं तो बिछाना म्हणाला, आणि मला तेच नाव जवळचं वाटलं. सांगायचं आहे तेही त्याच्याबद्दलच. माझ्यात आता काही राम उरलेला नाही.

बदकांच्या पोटाखालची मऊ पिसं बारीक कप्प्यांत भरून मला शिवलं. पिसांना स्वतःची ऊब नसते. ती फुलतात, त्यांच्यात हवा अडकते, आणि माणसाच्याच अंगची ऊब ती हवा धरून ठेवते. फुललो तर मी बिछाना, नाही तर नुसतं कापड.

सुतार दुकानात आला तो लेकीसाठी. ती पहिल्यांदाच बर्फाच्या डोंगरात मुक्कामाला निघाली होती.

"तिचे पाय म्हणजे बर्फाच्या लाद्या," तो दुकानातल्या मुलीला म्हणाला. "उन्हाळ्यातसुद्धा मोजे घालून झोपते."

मुलीने दोन बिछाने काढले. एक सहाशे ग्रॅमचा, दुसरा मी, नऊशेचा. "काका, सगळे हलकाच नेतात. चढायला बरा."

त्याने आम्हाला दोन्ही हातांवर तोललं. मग मला जमिनीवर पसरलं, चपला काढल्या, आणि तो एवढा आडवातिडवा माणूस माझ्यात शिरून डोळे मिटून पडला. गिऱ्हाइकं वळसा घालून जाऊ लागली.

"काका, झोपलात की काय?"

"थांब गं पोरी. पायाशी कसं लागतंय ते बघू दे."

उठून त्याने खिशातली टेप काढली. लेकीची उंची धरली, वर पायाची बोटं हलवायला चार बोटं जागा सोडली. माझ्या चिठ्ठीवर किती थंडीपर्यंत चालेल त्याचे दोन आकडे होते. मुलीने समजावलं, हा झोप लागेल तो, आणि हा नुसता जीव राहील तो.

"जीव राहील तो तुझ्याजवळच ठेव. झोपेचा सांग."

तिने सांगितला. त्याने थोडा विचार केला. "तीनशे ग्रॅम ती खांद्यावर सोसेल. थंडी नाही सोसायची तिने."

निघताना मुलगी म्हणाली, "घरी मोकळा ठेवा हं काका. थैलीत कोंबून ठेवलात तर पिसं मरतात."

त्याने ते मनावर घेतलं. लेक डोंगरातून यायची, पाठपिशवी दारात टाकून झोपून जायची. तो मला थैलीतून काढायचा, हलक्या हाताने झटकायचा आणि कपाटात रुंद दांडीवर सोडायचा. लेकीला मात्र त्याने हे कधी सांगितलं नाही. जो माणूस काम स्वतःच उरकतो, त्याचं सांगायचं राहून जातं.

चार हिवाळे ती माझ्यात झोपली. "बाबा, भट्टीत झोपल्यासारखं वाटलं," म्हणायची. सुतार नुसता मान हलवायचा. पण त्या दिवशी त्याचा रंधा जरा जास्तच झपझप चाले.

पाचव्या वर्षी रंधा मारतानाच तो खाली बसला, तो उठला नाही.

घर सांभाळायला आत्या आली. मायाळू, नीटनेटकी बाई. कपाट उघडून म्हणाली, "केवढी जागा अडवलीय याने!" गुडघा देऊन तिने मला थैलीत कोंबलं, दोरी आवळली आणि माळ्यावर गाद्यांच्या खाली सारलं.

सहा वर्षं. पिसं आधी चुरगळली, मग मोडली, मग फुलायचं कसं तेच विसरली.

लेक तोवर दवाखान्यात नर्स झाली होती. वडील गेल्यापासून डोंगराकडे तिचं मन वळत नव्हतं. त्या वर्षी वळलं. तिने मला खाली काढलं, तोंड माझ्यात खुपसलं. "आत्या, अजून लाकडाच्या भुशाचा वास येतोय गं!" किती दिवसांनी हसली होती. मला ओरडून सांगायचं होतं, पोरी, मला नेऊ नकोस.

तंबूत तिने मला दोनदा झटकलं. मी फुललो नाही. मैत्रीण म्हणाली, "माझं जाडं जाकीट घे पायावर."

"नको. बाबांनी स्वतः आत झोपून घेतलाय हा."

रात्रभर ती कुडकुडली. तिची ऊब माझ्यातून पाण्यासारखी निसटत होती आणि मला ती धरता येत नव्हती. सकाळी तिला डावं पाऊल जाणवेना. थंडीने मेलेली त्याची दोन बोटं कापावी लागली.

घरी पट्टी बदलताना आत्या रडत म्हणाली, "दादा माझा भोळा. हलकं दिसलं, घेतलं असेल."

"तसं नको म्हणूस," लेक म्हणाली. पण काही दिवसांनी, खिडकीबाहेर बघत, तीच हळूच बोलली, "त्यांना कळलं नसेल गं, आत्या. लाकडातलं कळायचं त्यांना."

रागावली असती तर मी सोसलं असतं. तिने त्याला माफ केलं. जी चूक त्याने केलीच नव्हती, तिच्यासाठी.

आता मी गॅलरीत कुंड्यांखाली अंथरलेला आहे. पाणी झिरपतं, पिसं कुजतात. त्याचं मला दुःख नाही. पण तुम्हाला ती कुठे दिसली, डाव्या पायाने जरा लंगडत चालणारी नर्स, तर थांबवा तिला. म्हणावं, तुझ्या बापाने हलका बिछाना परत ठेवायला लावला होता.

पूर्वी कामावर निघताना ती त्याच्या फोटोकडे बघून "येते हं, बाबा" म्हणायची. आता बूट घालायला वेळ लागतो. तेवढा वेळ ती खालीच बघत असते. मग दार ओढून घेते.