तरोट्याचे दिवस

नलूच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून नर्सबाई विमलताईंनी उजेडात पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सातवा महिना, आणि अंगात रक्त म्हणून नाही. काय खाते वं तू?"

विचारलं नलूला, उत्तर दिलं तिच्या नवऱ्यानं. धर्मपाल घाटंजीजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होता, आणि मास्तरांना दुसऱ्याचं उत्तर देण्याची खोडच असते. "खाण्यात काही कसर नाही ताई. गव्हाची पोळी, आलू, डालडा. ज्वारी तर आता घरात शिजतसुद्धा नाही."

"मी खाणं विचारलं गुरुजी, थाट नाही. पालेभाजी खाते का ही? तुमच्याकडे पावसाळ्यात शेताच्या धुऱ्याधुऱ्यावर तरोटा असतो, फुकटचा. तो दिला का?"

चुलीपाशी धर्मपालची माय, तुळसाबाई, बसली होती. तिनं मान वर केली नाही. धर्मपालचे कान मात्र तापले.

सत्तावन साली त्यांच्या वस्तीनं दीक्षा घेतली. मेलेलं ढोर ओढणं, त्याचं मांस खाणं बंद झालं, मरीमाय नाल्यात गेली, उकंडा नावाचा पोरगा धर्मपाल झाला. सगळं रास्तच होतं. पण मास्तरकी लागल्यावर त्यानं सोडायच्या गोष्टींत एक गोष्ट पदरची घातली, ती म्हणजे रानातली भाजी. यंदा आषाढात तुळसाबाई ओटीभर कोवळा तरोटा खुडून आली, तेव्हा त्यानं तिला दारातच अडवलं. शेजारी मास्तरांची बिऱ्हाडं, लोक काय म्हणतील!

"माय, आपण ते दिवस सोडले. हा पाला घरात नको."

"पाल्यानं काय केलं रे बाबू?" एवढंच ती म्हणाली आणि ओटी उकिरड्यावर रिकामी करून आली. त्यानंतर तिनं पुन्हा काही आणलं नाही.

"गोळ्या देते," विमलताई उठता उठता म्हणाल्या, "पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. बाळंतपणात रक्त गेलं तर ही पोर हाती लागणार नाही. मागाहून म्हणू नका, सांगितलं नव्हतं म्हणून."

मायला विचारायला त्याला तोंड नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच तो पिशवी घेऊन एकटा रानात गेला. ज्या माणसाच्या चार पिढ्या या पाल्यावर जगल्या, तो धुऱ्यावर उभा राहून एकेक झाड न्याहाळत होता. अखेर तरोटा सापडला. पिशवी भरून त्यानं ती चुलीपाशी ठेवली, मोठा पराक्रम केल्यासारखी.

तुळसाबाईनं एक फांदी हातात घेऊन मोडून पाहिली. "हा कायले आनला? याच्या तं शेंगा झाल्या. आता शिजवला तरी लाकूडच."

"मंग आता?"

"परतेकाचा येळ असते बाबू. तरोटा आखाडात खावा. आता दसऱ्याले अंबाडी हाये, घोळ हाये. थंडी पडली का पाथरी निघन. रान कोनाले उपाशी ठेवत नाई, पन कोनासाठी थांबतबी नाई." मग कमरेला पदर खोचत म्हणाली, "आइतवारी चाल माह्यासंगं. मी दावतो."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

रविवारी दोघं गेली. "शेंडा खुड, मूळ उपटू नको, उद्याबी लागते," ती सांगत होती आणि तो शिकत होता. येताना भारा त्यानं आपल्या खांद्यावर घेतला. किती वर्षांनी तो मायसोबत असा चालत होता! त्याला आतून हलकं वाटत होतं. तेवढ्यात समोरून सायकलवर हेडमास्तर वामनराव आले आणि एक पाय टेकून थांबले.

"काय धर्मपाल, सकाळी सकाळी भारा कशाचा?"

"गुरांसाठी, सर." त्याला विचारही करावा लागला नाही. जिभेनं परस्पर सांगून टाकलं.

"अरे वा, गुरं घेतली की काय! दूध निघालं की आम्हालाही पाठवा." वामनराव हसत निघून गेले.

घरात शेळी नव्हती, तिथं गाय कुठली? तुळसाबाई दोन पावलं मागे होती. तिनं ऐकलं नाही असं म्हणायला जागा नव्हती. धर्मपालला वाटलं, धरणी फाटेल तर बरं. ती पुढे आली, त्याच्या खांद्यावरचा भारा काढून तिनं आपल्या डोक्यावर ठेवला.

"आन इकडं. तुले जड होते."

मग घर येईपर्यंत ती अंबाडीत कण्या किती घालाव्यात, तेच सांगत राहिली.

त्या दिवशी नलू बोटं चाटत जेवली. पुढे रोज काहीतरी हिरवं चुलीवर चढू लागलं. कार्तिकात विमलताईंनी पुन्हा पापणी ओढून पाहिली आणि पहिल्यांदाच हसल्या. "आता भीती नाही. कोणाच्या हातची भाजी आहे ही?"

"आत्याबाईच्या," नलू सासूकडे पाहत म्हणाली.

तुळसाबाई रानातून हल्ली फार उशिरा येते, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं. वयामुळे असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. एका दुपारी तिसरीला पाढे सांगताना त्याची नजर खिडकीबाहेर गेली. शेतातून गावात यायची वाट सरळ शाळेसमोरून होती. ती वाट सोडून, पलीकडच्या नाल्याच्या काठानं, बाभळीच्या काट्यांतून वाट काढत, डोक्यावर भारा घेऊन एक म्हातारी चालली होती. अर्ध्या कोसाचा फेरा होता तो.

पोरांना पाढ्यात सोडून तो बाहेर आला. व्हरांड्यात वामनराव उन्हाला बसले होते. धर्मपालचे पाय क्षणभर अडले. मग तो पटांगण ओलांडून कुंपणापाशी गेला आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"माय! ओ माय! इकडून ये नं!"

तुळसाबाईनं मान वळवली. तिला तो दिसला आणि त्याच्यामागे खुर्चीतून उठलेले हेडमास्तरही दिसले. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला आणि कुणा परक्याच्या हाकेकडे बाई जसं दुर्लक्ष करते तसं करून ती भराभर पावलं टाकू लागली. त्यानं पुन्हा हाक मारली. नाल्याच्या वळणाआड जाईपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही.