डोमाजीचं डफडं

तुराट्यांचा जाळ करून डोमाजी डफड्याचं कातडं शेकत बसला होता. तेवढ्यात धर्मपाल अंगणात येऊन उभा राहिला.

"काका, हे काय करून राह्यले तुमी?"

"दिसत नाही काय? उद्या माह्या पोरीचं लगन हाय."

"वाजवसान तर वस्तीतलं एक मानूस मांडवात येनार नाही. सांगून ठेवतो."

धर्मपाल काही वाईट माणूस नव्हता. छप्पन साली नागपूरला दीक्षा घ्यायला डोमाजी त्याच्याच सोबतीनं गेला होता. परत आल्यावर वस्तीनं ठरवलं, मेलेली ढोरं ओढायची नाहीत आणि डफडं वाजवायचं नाही. सगळ्यांनी आपापली डफडी जाळून टाकली. डोमाजीनं घरातले देव नाल्यात सोडले, ढोरं ओढणं सोडलं, डफडं मात्र आढ्याला टांगून ठेवलं. पोळ्याला पाटलाचा माणूस वाजवायला बोलवायला आला, तर त्यालाही हाकलून लावलं. झालं! पाटीलही तोंड फिरवून जाऊ लागला आणि वस्तीही. माणसानं हट्टी असावं तरी किती! हा आपला मनाला येईल तेव्हा नाल्याकाठी जाऊन एकटाच वाजवत बसायचा. बायको गेल्यावर त्याच्याशी बोलणारी एक नलूच उरली होती, आणि तीही आता चालली होती.

"तुमचा बाप पाटलाच्या दारात उन्हात उभा राहून वाजवे," धर्मपाल खालच्या आवाजात म्हणाला. "माहाही. इसरले काय?"

"इसरलो नाही. म्हनून तर त्याच्या दारात जात नाही. पन माह्या पोरीसाठी वाजवतो म्हनलं, तर तू कोन मले अडवनारा? काल त्याचा हुकूम, आज तुहा?"

धर्मपाल निघून गेला. दारात उभ्या नलूनं सगळं ऐकलं होतं.

"तुह्या लगनात वाजवीन म्हनून तुह्या मायले कबूल केलतं मी," डोमाजी तिच्याकडे न बघता म्हणाला.

"माहीत हाय. मलेही आयकाचं होतं, बाबा," नलू म्हणाली. "पन मांडव रिकामा नोको."

डोमाजीनं उठून जाळावर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. त्रिशरण झालं, पंचशील झालं, नवरानवरीवर फुलं पडली. धर्मपाल स्वतः पंगतीत वाढत होता. "जेवले काय, काका?" असं डोमाजीला कितीतरी वर्षांनी कुणी विचारत होतं. तो मान हलवायचा.

नलूनं त्याच्या पाया पडून, त्याला मिठी मारून रडून घेतलं. बैलांची दमणी नलूच्या सासरच्या, दिग्रसच्या वाटेला लागली आणि माणसं मागं वळली, तेव्हा डोमाजी त्यांच्यात नव्हता. मांडवात वाजवायचं नाही, एवढंच त्यानं मानलं होतं, तेही पोरीखातर. नाल्याकाठच्या टेकाडावर त्यानं पहाटेच तुराट्या आणि डफडं नेऊन ठेवलं होतं. जाळ केला, कातडं शेकलं, आणि नलूच्या पाठवणीसाठी जपून ठेवलेला ठेका धरला.

पळसांच्या आड दमणी दिसत नव्हती. बैलांच्या घुंगरमाळा तेवढ्या ऐकू येत होत्या. डफडं घुमलं आणि घुंगरं थांबली.

दमणी थांबवली वाटतं तिनं! डोमाजीच्या हाताला जोर चढला, तो मान डोलवत वाजवत राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ऐकत होतं.

घुंगरं अजून गप्पच होती. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण वाजवतो आहोत तोवर पोरगी जागची हलायची नाही. सासरची माणसं उन्हात ताटकळत असतील, आणि पहिल्याच दिवशी तिला बोल लागेल.

हात थांबायला तयार नव्हते. त्यानं ते थांबवले. घुमणाऱ्या कातड्यावर तळवा दाबून धरला.

थोड्या वेळानं घुंगरं वाजली. ती ऐकू येईनाशी झाली तरी डोमाजीचा तळवा डफड्यावर तसाच होता.